टेबलाखाली राहिलेली नदी

नकाशा टेबलापेक्षा लांब निघाला. धरण खिडकीच्या बाजूला, त्याखालची नदी चहाच्या कपांमधून वाट काढत पुढे आलेली, आणि शेवटचा वीतभर तुकडा कडेवरून लोंबकळत समन्वयक बाईच्या मांडीवर. त्या तुकड्यावर खाडी होती. खाडीच्या काठावर तिची धाकटी बहीण राहत होती.

धरणाने पाणी अडवलं की खाली कुणाचं काय होईल, याचा अभ्यास कुठपर्यंत करायचा हे आज ठरायचं होतं. रेघेच्या आत जे येतील त्यांचं नुकसान मोजलं जाणार, आणि मोजलं तरच भरपाई. रेघेबाहेरच्यांनी आपलं आपण बघायचं.

अर्थतज्ज्ञाला रेघ वर हवी होती, कारण निधी तुटपुंजा. माशांचे अभ्यासक, ज्यांना सगळे मासेवाले डॉक्टर म्हणत, ती खाली ओढत होते. दोघांची चांगलीच जुंपली. बिस्किटं संपली, आवाज चढले, आणि रेघ घसरत घसरत टेबलाच्या कडेशी येऊन थांबली. तिथून पुढचं बघायला कुणाला तरी उठून वाकावं लागलं असतं, आणि जेवायची वेळ तर टळून गेली होती.

"खाली काही राहिलं का?" बैठक चालवणाऱ्या साहेबांनी तिला विचारलं. त्या टोकाला तीच बसली होती.

राहिलं होतं. वरून गोडं पाणी आलं नाही की भरतीचं खारं पाणी आत घुसणार, शिंपल्या मरणार, विहिरी खारट होणार. बहिणीचं घर शिंपल्यांवरच चालायचं. पण मागच्या बैठकीत एका सहकाऱ्याने मोजणीची जागा नेमकी आपल्या सासुरवाडीशेजारी सुचवली, तेव्हा सगळ्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली होती, आणि सगळ्यात मोठ्याने तीच हसली होती. आता ते सगळे तिच्याकडे बघत होते.

"नाही," ती म्हणाली.

साहेबांनी कडेलगत लाल रेघ ओढली. मासेवाले डॉक्टर नकाशा गुंडाळत तिच्यापर्यंत आले, तर टोक सुटेना. तिने ते मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

"सोडताय ना, मॅडम?"

तिने सोडलं. चुरगळलेली खाडी त्यांनी तळव्याने सरळ केली आणि उरलेला नकाशा गुंडाळून टाकला. लाजेने तिचे कान तापले. त्यांनी निदान विचारायला तरी हवं होतं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची आणखीच लाज वाटली. जेवणाचा डबा तिने उघडलाही नाही.

संध्याकाळी ऑफिसचा जिना उतरताना बहिणीचा फोन आला. स्वर उत्साहाने नुसता ओसंडत होता.

"ताई, तुमची माणसं विचारायला कधी येणार गं? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आपली ताईच आहे तिथे, काळजी करू नका. ओटी झाडून घेतली. शेजारून चार खुर्च्या मागून आणल्यात. कमी नाही ना पडणार?"

जिन्यात दुसरं कुणी नव्हतं, तरी तिला मान वर करवेना. कठडा धरून ती खालच्या पायरीकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "पुरतील."