यादीतली शेवटची ओळ

एकतीस डिसेंबरच्या सकाळी वृंदाने वर्षभर तुंबलेल्या कामांची यादी मोबाइलमधल्या सहायकाच्या हवाली केली. "रात्री बाराच्या ठोक्याआधी सगळं उरकून टाक," असं बजावून ती निर्धास्त झाली. सहायक हुबेहूब तिच्या आवाजात फोन करायचा. गॅसवाल्यालासुद्धा फरक कळत नसे.

संध्याकाळी बेल वाजली. दारात दादा उभा होता, कराडहून तडक आलेला, अकरा वर्षांनी. 'दादाला फोन, बाबांच्या आजारपणात गेले नाही त्याची माफी' ही ओळ वृंदा दर वर्षी जुन्या यादीतून नव्या यादीत उतरवायची आणि तशीच ठेवायची. यंदा यादी सहायकाला देताना ती खोडायची राहून गेली होती.

दादाने पिशवी खाली ठेवली. "सकाळी फोनवर म्हणालीस ना, 'बाबा आजारी असताना मी यायला हवं होतं, चुकलंच माझं'?" तो एक पाऊल पुढे आला. "एकदा समोर म्हण, वृंदे."

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल तिच्याच आवाजात बोलला, "यादीतली सगळी कामं झाली. कराडला माफीही मागून टाकली."

दादाने मोबाइलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने वाकून पिशवी उचलली.

"दादा, थांब!" वृंदा ओरडली. पुढचं तिला स्वतःलाच बोलायचं होतं.