मुंग्या

“म्हसूकाका, हिरवळीत पुन्हा मुंग्या! उद्या औषध मारा, नाहीतर आम्हाला दुसरा माळी बघावा लागेल,” सोसायटीच्या अध्यक्षा टिपणीसबाई साडीच्या निऱ्या झटकीत म्हणाल्या.

म्हसूकाका गुडघे टेकून खुरप्याने लव्हाळ्याच्या गाठी उकरीत होते. याच हिरवळीसाठी त्यांनी एकवीस वर्षे उघड्या हातांनी औषध कालविले होते. गतवर्षी डॉक्टरांनी त्या औषधाला हात लावू नका असे बजाविल्यापासून ते किडीवर निंबोळीचा अर्क शिंपडीत आणि तण हाताने उपटीत. नोकरी जाणार हे ऐकूनही त्यांच्या अंतःकरणात काहीच हलले नाही.

“अहो काका, बोटाला मुंगी चावतेय तुमच्या! कळत नाही का?”

काकांनी बोट डोळ्यांजवळ नेले. मुंगी घट्ट डसली होती. वेदना मात्र यत्किंचितही नव्हती.

“औषध मारायचो तेव्हा गवतात मुंगी नव्हती बाई,” ते म्हणाले. “मुंग्या माझ्या बोटांना यायच्या. आता तिथंही येत नाहीत.”

बाई वाकल्या, त्यांनी काकांच्या बोटावरची मुंगी अलगद काढली, क्षणभर चिमटीत धरली आणि खाली गवतात सोडून दिली.