तीन चलान

"तीन चलान बाकी आहेत," गाडीचा नंबर फोनवर टाकून संघपाल म्हणाला. "तेवढे भरून टाका, मग सौदा पक्का."

हैदराबादेत जुनी गाडी घेणारा माणूस चलान आधी बघतो, इंजिन नंतर ऐकतो. त्यात संघपाल नियमाचा पक्का. बारा वर्षांच्या नोकरीत एकदाही ऑफिसात उशिरा पोचलेला नाही. बरकतपुऱ्याच्या या गल्लीत उभी असलेली अकरा वर्षांची छोटी लाल गाडी त्याला बघताक्षणी आवडली होती, आणि भाव तर इतका कमी की जास्त चौकशी करायची भीती वाटावी. आईला, विमलाबाईंना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. परतताना ऑटो खड्ड्यात आपटली की त्या डोळे मिटून घ्यायच्या. ते त्याला बघवत नव्हतं. आज पौर्णिमा, म्हणून विहारातून दोघं परस्पर इकडेच आले होते. त्या आत गाडीमालकाच्या बायकोबरोबर चहा घेत होत्या.

गाडीचे मालक शिवराज पन्नाशीचे, मूळचे उदगीरकडचे. ते फोनकडे बघेनात.

"चलान राहू द्या. बदल्यात किमतीतून पाच हजार कमी करतो."

"तिन्ही मिळून हजारसुद्धा होत नाहीत, शिवराजभाऊ."

"हौ. तरी राहू द्या."

संघपालला शंका आली. त्यानं पहिलं चलान उघडलं. अफझलगंजचा सिग्नल, लाल दिवा, आणि पांढऱ्या पट्टीच्या पुढं गेलेली हीच गाडी, मागून टिपलेली. मागच्या काचेतून एक डोकं दिसत होतं, त्यावर पांढरा पदर. दुसऱ्या चलानात तीच जागा, तेच डोकं, जरासं वळलेलं. तिसऱ्यात अर्धा गाल दिसत होता.

"या कोण?"

"आई."

"मग गाडी विकायची ते त्यांना विचारलंत का?"

"दिवाळीत गेली ती."

संघपालनं तारखा पुन्हा वाचल्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च; तिन्ही दिवाळीनंतरच्या.

"काचेवर ऊन पडलं असेल," तो म्हणाला. "आम्ही भुताखेतांना मानत नाही." हे वाक्य जरा जास्तच मोठ्यानं निघालं.

"मी तरी कुठं मानत होतो?" शिवराजनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "मागंच बसली होती. छातीत दुखाया लागलं म्हणून दवाखान्यात नेत होतो. अफझलगंजला लाल पडला. मी थांबलो, पट्टीच्या आत, बरोबर. समोर रस्ता मोकळा होता. ती मागून म्हणली, थांबलास कशाला? मी म्हणलो, सिग्नल हाय, आई. हिरवा पडल्यावर मागं वळून बघितलं."

त्यांनी टपावरचा हात काढून घेतला.

"तवापासून तिथं मला थांबवत नाही. गाडीत मी एकटाच असतो बरं का. पहिल्या चलानचा फोटो चारदा मोठा करून बघितला. मग पुढचे दोन मी मुद्दाम लाल तोडून घेतले. घरात तिचे फोटो लई आहेत, पण ते सगळे जुने. हे नवे आहेत. चलान भरलं की फोटो जातो."

"स्क्रीनशॉट काढून ठेवा की."

"काढला. त्यात सीट रिकामी येती."

संघपालनं स्वतःच्या फोनवर एक काढला आणि फोन खिशात टाकला. भुतंखेतं न मानणाऱ्या माणसानं तो उघडून बघायला काही हरकत नव्हती. त्यानं बघितला नाही.

"एवढं आहे, तर मग विकता कशाला?"

"दर बारीला जरा जास्त वळती. पुढच्या फोटोत तोंड दिसंल." शिवराजनी रुमालानं कपाळ पुसलं. "तिच्या तोंडाकडं कसं बघू मी?"

संघपालला त्यांची दया आली. आपणही त्या सिग्नलला थांबलोच असतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण चलान भरल्याशिवाय गाडी नावावर होणार नव्हती, आणि परवा पुन्हा दवाखान्याचा वार होता.

"भरावे लागतील, भाऊ," तो हळूच म्हणाला.

शिवराजनी स्वतःचा फोन काढला. अंगठा बराच वेळ नुसताच काचेच्या वर राहिला. मग त्यांनी दाबला. यादी गेली, पडदा कोरा झाला. त्या कोऱ्या पडद्याकडे ते थोडा वेळ बघत राहिले, मग किल्ली संघपालच्या हातात देऊन घरात निघून गेले. दार लावल्याचा आवाज आला.

संघपालनं कागदांची पिशवी ठेवायला डिक्की उघडली. स्टेपनी तपासली, जॅक तपासला. नियमाप्रमाणे सगळं जागच्या जागी होतं. त्यानं डिक्की बंद केली आणि त्याचा हात तिथंच राहिला.

मागच्या काचेतून एक डोकं दिसत होतं, त्यावर पांढरा पदर.

आई केव्हा बाहेर आली, केव्हा दार उघडून बसली, त्याला कळलं नव्हतं. विहारात जाताना नेसलेली पांढरी साडी, उन्हासाठी डोक्यावर घेतलेला पदर. दुसरं काही असायचं कारणच नव्हतं. हे त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं. तरी तो पुढं गेला नाही.

डोकं सावकाश वळू लागलं. आधी कान दिसला, मग अर्धा गाल, मग पूर्ण तोंड. त्याचीच आई होती. डायलिसिसनं सुजलेले डोळे बारीक करून ती काचेतून त्याच्याकडे बघत होती.

"थांबलास कशाला?" विमलाबाई म्हणाल्या.