बारवेजवळचं दुकान

“बारवेजवळचीच जागा पायजे मला,” बंकट गुत्तेदार म्हणाला. “तुमी फक्त हरकत घ्यायची न्हाई. तहसीलीतलं बाकीचं माजं मी बघतो.”

अर्जुनरावांनी नजर वळवली. दोघे लिंबागणेशच्या गाडीवाटेवर उभे होते. समोर बारव. बाया घागरी घेऊन पायऱ्या चढत-उतरत होत्या. अख्ख्या गावाला पाणी तेवढंच. इथं बंकटच्या ठेक्याचं शिंदीचं दुकान लागलं म्हणजे दिवसभर पिणाऱ्यांची बैठक बायकांच्या वाटेतच बसणार. हे बंकटला कळत होतं. अर्जुनरावांनाही कळत होतं.

“बोला की, मेंबर.”

“काय बोलू?” अर्जुनराव म्हणाले आणि घराकडे वळले.

तालुक्याच्या कमिटीवर गावानं निवडलेला माणूस घ्यायचा, असा हुकूम उन्हाळ्यात आला होता. चावडीत शेतसारा भरणाऱ्यांनी हात वर करायचे, एवढीच ती निवडणूक. पण समोर देशमुखांचा भाऊ उभा होता, आणि अर्जुनरावांकडे कोरडवाहू रानाशिवाय काही नव्हतं. त्यांच्या मनात मात्र पुष्कळ होतं. नदीवर फरशीचा पूल व्हावा, शाळेला मास्तर मिळावा. तेवढ्यात बंकट आपण होऊन आला. चिंचेखाली बकरी कापली गेली. सारं गाव पोटभर जेवलं. बकरी कुणाची, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी चावडीत हात वर झाले. देशमुखांचा भाऊ पडला.

त्यानंतर अर्जुनराव चार वेळा बीडला जाऊन आले. फरशी झाली नाही. मास्तर आला नाही. बंकट मात्र आला.

दुकानाची बातमी फुटली तशी माणसं चावडीत जमली. गहिनीनाथ सगळ्यांच्या वतीनं बोलला. “मेंबर, तुमी हरकत घ्या. आपल्या आया-बहिनींची वाट हाय ती.”

अर्जुनरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“मी घेतो हरकत,” ते म्हणाले. “पर उद्या बंकट हितं येऊन इचारंल, माजं मटन खाताना ग्वाड लागलं का म्हून. त्याला कोन उत्तर देनार? मी खाल्लंय. तुमी न्हाई खाल्लं का?”

मग एकेक करून माणसं उठली, वहाणा शोधल्या आणि निघून गेली. अर्जुनरावांनी हरकत घेतली नाही.

आठ-दहा दिवसांनी बंकटचा माणूस त्यांच्या दारात आला. “मेंबर, बिगीनं चला. काम अडलंय.”

बारवेजवळ बंकटच्या गाडीत दुकानाच्या खांबांसाठी मेढी आणि छपरासाठी पाचट तशीच पडून होती. मेढींसाठी आखलेल्या जागेवर गावातल्या बाया दाटीनं बसल्या होत्या, पुढ्यात भरलेल्या घागरी. सगळ्यांत पुढं छबुबाई. ती गावची सुईण होती. तिथं उभ्या असलेल्या बहुतेक पुरुषांना जगात आणणारी तीच. तिच्या शेजारी पोलीसपाटलाची आई. पोलीसपाटील लांब, लिंबाखाली उभा राहून दुसरीकडेच बघत होता. खड्डे खणायला आलेल्या गड्यांनी कुदळी खाली ठेवल्या होत्या. त्यांच्याही बायका तिथंच होत्या.

“यांना उठवा,” बंकट ओरडला. “तुमी मेंबर हाव ना?”

अर्जुनरावांनी एकदा बायांकडे पाहिलं. त्यांची स्वतःची बायको, गीताबाई, दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनं त्यांच्यावरची नजर हटवली नाही.

“यांच्या हातांनी मी मेंबर झालो न्हाई, बंकट,” ते म्हणाले. “माजं काय ऐकत्याल ह्या?”

बंकटनं शिव्या घातल्या. तहसीलीत जातो म्हणाला, जवान आणतो म्हणाला. कुणी हललं नाही. ऊन चढलं. दुपार कलली तेव्हा बैल जुंपले गेले आणि गाडी मांजरसुंब्याच्या अंगाला निघून गेली.

बाया घागरी उचलून घरी निघाल्या. अर्जुनराव बारवेच्या काठावर बसले होते. छबुबाई जवळून जाताना त्यांनी विचारलं, “मावशे, आमी एवढे बाप्ये अन् कुनाचं त्वांड उघडलं न्हाई. त्याच्याम्होरं बसायला तुमाला कायबी वाटलं न्हाई?”

“काय वाटायचं, अर्जुना?” छबुबाई घागर सावरत म्हणाली. “भाकरी तेवढ्या आमी थापल्या. त्या जेवनाला आमाला कुनी बोलावलंच न्हवतं.”