जुना थर वर

मी खडकांचे थर वाचून पोट भरते. रविवारी घरी फोन केला, की आई दोन मिनिटांत "कामं पडलीत गं" म्हणून ठेवून देते.

यंदा सुट्टीवर आले. थंडी वाजली म्हणून आईची ट्रंक उघडली. सगळ्यात वर माझं टोपडं, त्याखाली शाळेचा फ्रॉक, मग कॉलेजचा स्वेटर, आणि मी गेल्या वर्षी पाठवलेली शाल पार तळाशी.

"आई, हे उलटं कसं? जुना थर खाली असतो, नवा वर. जमिनीत मोठी उलथापालथ झाली, तरच जुनं असं वर येतं."

"शाल घे आणि झाकण लाव," आई स्वयंपाकघरातून खेकसली.

पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, "होते ना उलथापालथ. दर रविवारी, तुझा फोन ठेवला की."