तांड्याचे पाच ओढे

मुंजाजीला रीतभात म्हणून नव्हतीच. बाजेवर बस म्हटलं तरी उभा. पाणी दिलं की उभ्यानंच घटाघटा पिणार. भाकरीचं विचारलं तर म्हणे, "डबा आणलाय, मावशी." एसटीतून उतरून एवढं चालत आलेला माणूस आपल्या दारातून न जेवता जातो, याचा मिराबाईला संताप येई.

पण सोमवारपासून तो रोज येत होता, म्हणून ती सोसत होती.

सेनगावच्या एका संस्थेनं त्याला ओढ्यांची नावं आणि उगम लिहून घ्यायला पाठवलं होतं. साखऱ्याजवळच्या या तांड्यावर सांगणारी ती एकटीच. मुलगा प्रेमसिंग, सून निलम, लेकरं, सगळे दिवाळी होताच ऊसतोडीला गेलेले. घराघराला कुलपं. होळीपर्यंत कुणाला हाक मारावी तर कुत्रंच वळून बघायचं.

ओढे संपले की मुंजाजीचंही येणं संपलं. आणि ओढा तर एकच होता.

म्हणून सोमवारी तिनं उगमाजवळचा पळसझरा तेवढा दाखवला. मंगळवारी तुरीच्या रानातून वळसा घालून बैलधुण. मिठाची पोती वाहणारे बैल तिचा आजेसासरा तिथं धूत असे. बुधवारी टेकडी चढून-उतरून काकणवळण. नावं खरीच होती. जुनी माणसं एकाच पाण्याला वळणावळणाला वेगळं नाव देत. ओढे तेवढे तिनं वाढवले.

गुरुवारी मुंजाजी पाण्याकडं बघत थांबला. "मावशी, हे कालच्यासारखंच दिसून राहिलं."

ती फणकारली. "पाणी पाण्यासारखंच दिसंल. तुला काय ताक पाहिजे व्हय?"

तो हसला. लिहू लागला. "अजून किती ऱ्हायले?"

"काहून? पाय दुखले का सायबाचे?"

"न्हाई. वरून विचारतात."

"त्यायला सांग, डोंगराला किती पाझर हायेत ते डोंगरालाच ठाऊक."

शुक्रवारी तिनं पाचवा दाखवून आणला. आता वळणं संपली होती. उद्या काय दाखवावं, हे काही सुचेना.

मुंजाजी बाटली भरायला हापशावर गेला. रजिस्टर बाजेवर राहिलं. आपली नावं तरी बराबर लिहिली का बघावं, म्हणून तिनं ते ओढलं. शाळा दुसरीपर्यंतची. बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेली.

पहिलं पान, सोमवार. "ओढा एक. परतताना उगमापासून शेवटपर्यंत एकट्यानं चालून पाहिला. काम पूर्ण."

पुढच्या चार पानांवर तिनं सांगितलेलं एकूण एक नाव, एकूण एक गोष्ट. आणि प्रत्येक पानाच्या तळाला दोनच शब्द. "तोच ओढा."

मुंजाजी झाकण लावत आला. रजिस्टर तिच्या मांडीवर बघून जागीच थबकला.

मिराबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"लबाडा," ती म्हणाली, "तुझ्याबी घरी कुणी न्हाई."