आईवरची पाच वाक्यं

डोळ्यांपुढे आणा, मुलांनो: चुलीपाशी दुर्वा इंग्रजीचा गृहपाठ करत बसली आहे. ‘हॅपिली’चे पाच समानार्थी शब्द शोधून प्रत्येकाचं वाक्य करायचं होतं. तिने पाचही वाक्यं आईवरच केली.

“मराठीतून वाच की,” भाकरी थापता थापता आई म्हणाली.

“आई आनंदाने स्वयंपाक करते. आई हौसेने पाणी भरते. आई हसतमुखाने...”

आईचा हात थांबला. सकाळी बाबांनी भिरकावल्यामुळे चेपलेलं ताट पुढे ओढत तिने विचारलं, “मला असं कधी पाहिलंस गं तू?”

दुर्वाने खूप आठवून पाहिलं. मग खोडरबर घेऊन पाचही शब्द खोडले.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या जागा बघून सरांनी पट्टी उचलली. “शब्द शोधलेच नाहीस ना?”

दुर्वाला पाचही शब्द येत होते. तरी तिने हात पुढे केला.